पिठात किडे

शेरीफनं नाव पुकारलं तसा लेवी डोन टोपी काढून मतदानाच्या मंचाची पायरी चढला आणि सगळ्या बंदराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला,

"माझं मत ओबेड क्राउएलला."

मंचावर बसलेल्या उमेदवारानं मान लववून आभार मानायचे, ही रीत. ओबेडच्या तोंडून निघालं,

"आणखी काय देऊ?"

इतकी वर्षं दुकानात गिऱ्हाइकांना हेच विचारत आलेली जीभ, गेली आपल्या वळणावर. एरवी अशा चुकीवरून गावानं त्याला महिनाभर पिडलं असतं. आज कुणी हसलं नाही.

"काही नको, शेठ," लेवी खाली बघत म्हणाला आणि उतरून गेला.

नोव्हा स्कोशियाच्या त्या किनाऱ्यावर दुकान एकच, ओबेडचं. मासे खारवायचं मीठ त्याच्याकडे, पीठ त्याच्याकडे, जाळ्यांचं सूतही त्याच्याकडे. राजाच्या कायद्यानं मत द्यायचं मोठ्यानं, तेही त्याच्या डोळ्यांदेखत. विरुद्ध जायची छाती कुणाची? सकाळपासून एकूण एक मत त्यालाच पडलं होतं. शेजारी राजधानी हॅलिफॅक्सहून आलेला विरोधी उमेदवार, वकील विल्टशर, जांभया देत होता. लोकांना आपण हवे आहोत की लोक आपल्याला भितात, हे न कळता विधानसभेत कुठल्या तोंडानं बसायचं? घरी जाऊन दार लावून घ्यावं असं त्याला वाटलं.

मग सेथ आला. हा पिंपं बांधणारा, ओबेडच्या बायकोचा धाकटा भाऊ.

"मत विल्टशरला."

वकिलाची जांभई अर्ध्यावर राहिली. ओबेड असा गडबडला की पुन्हा तेच बोलून गेला,

"आणखी काय देऊ?"

"भांडंभर काकवी द्या. आणि असं सुतकी तोंड करू नका, दाजी. तुम्ही हॅलिफॅक्सला भाषणं ठोकणार आणि दुकानात माझी ताई एकटी राबणार. ते नाही जमायचं."

मागे कुणीतरी फिसकन हसलं.

"आणि काकवी पाणी न घातलेली," सेथनं जाता जाता टोला हाणला.

"पाणी तुझ्याच गळक्या पिंपांतून शिरतं."

आता मात्र बंदराचा सगळा धक्का हसला. ओबेडला छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं. पुढची दोन मतं विल्टशरला गेली. देणाऱ्यांनी ओबेडकडे सरळ बघून दिली. त्यानं दोघांचंही नाव घेऊन, मान लववून आभार मानले.

त्यांच्यामागून म्हातारा एझ्रा काठी टेकत वर आला. श्वास बसेपर्यंत थांबला.

"माझं मत ओबेडला," तो ओरडला. "पण लेका, तुझ्या पिठात किडे असतात. आणि वजन करताना तुझा अंगठा तराजूवर असतो. शेरीफसाहेब, हेही लिहून घ्या."

ओबेड डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसला. हे एक मत खरंच मिळालं होतं, भीतीपोटी नव्हे. आता उरलेली सगळी विल्टशरला गेली असती तरी त्याची ना नव्हती.