जुईलीच्या पोटातला जुना रहिवासी

मी मोठ्या आतड्यात राहणारा एक जुना जिवाणू आहे. मित्रांनो, जिवाणू म्हटलं की तुम्ही हात धुवायला पळता, पण जरा थांबा. माझं गाव म्हणजे अमरावतीच्या जुईलीचं पोट. ती जन्मली तेव्हा मी तिच्या आईकडून, प्रमोदिनीताईंकडून, तिच्यात आलो. ताईंकडे माझे पूर्वज त्यांच्या आईकडून, अकोटहून आले होते. आम्ही एकाचे दोन होत वाढतो. त्यामुळे जुना कोण आणि नवा कोण, हे आम्हालाही सांगता येत नाही. आठवणी मात्र सगळ्यांच्या सारख्याच.

आमचं काम साधं आहे. ज्वारीच्या भाकरीतला, तुरीच्या वरणातला जो चोथा तुम्हाला पचत नाही, तो आमचं जेवण. तो आंबवून आम्ही आतड्याच्या भिंतीला खाऊ घालतो. तिथून एक लांब मज्जातंतू मेंदूकडे जातो. भूक, तृप्ती, अस्वस्थता यांचे निरोप त्या वाटेनं जातात आणि त्यांत आमचाही थोडा आवाज मिसळलेला असतो.

लहानपणी जुईली मोर्शीची संत्री पांढऱ्या शिरांसकट खायची. त्या शिरा थेट आमच्यापर्यंत पोचायच्या. तेव्हा आमची वस्ती गजबजलेली होती. एकानं टाकलेलं दुसऱ्याच्या उपयोगी पडायचं. आमचं नाव कोणी घेतलं नाही, पण पोर निरोगी होती. हीच आमची शाबासकी.

ती अकरावीत असताना एका लग्नात कोणीतरी म्हणालं, "जुईली, चांगली भरली वं तू." सगळे हसले, तीही हसली. पुढच्या सोमवारी तिनं उपवास धरला.

तिचे बाबा, कमलाकांत, पौरोहित्य करतात. त्या घरात उपवासाचं कारण कोणी विचारत नाही. सोमवारनंतर गुरुवार आला, मग चतुर्थी, एकादशी, शनिवार. आईनं साबुदाण्याची उसळ पुढे केली की ती म्हणायची, "मी निरंकार करते, नुसत्या पाण्यावर." आई कौतुकानं चार ठिकाणी सांगायची. शेजारच्या गोदाबाई दारातूनच बोलायच्या, "काय पोरगी हाये वं तुमची. नाहीतर आमची रागिणी, उपासाच्या दिवशी दुप्पट खाते."

आत चोथा येईनासा झाला. माझे शेजारी जिवाणू एकेक करून मिटले. उरलेले आतड्याचं बुळबुळीत अस्तरच कुरतडू लागले. कधी दोन घास आलेच, तर विस्कटलेल्या वस्तीला ते झेपायचे नाहीत. पोट टम्म व्हायचं आणि तिला वाटायचं, आपण फार खाल्लं. वर भीती, खाली गडबड, आणि दोन्ही एकमेकींना वाढवत होत्या. आधी काय बिघडलं, हे शास्त्रज्ञांनाही अजून नीट उलगडलेलं नाही. मला एवढंच ठाऊक आहे की स्वयंपाकघरात भाकरी थापल्याचा आवाज पोटाच्या भिंतीतून घुमत यायचा आणि आम्ही वाट पाहत राहायचो. आवाज थांबायचा. खाली काहीच यायचं नाही.

मग भाद्रपदात महालक्ष्म्या, म्हणजे गौरी, आल्या. दुपारी नैवेद्य झाला. सोळा भाज्या, पुरण, कढी आणि ज्वारीची आंबील. पंगत बसली. अकोल्याहून आलेल्या ज्योत्स्ना मावशीनं विचारलं, "जुईली, तुझं ताट काहून नाही?"

"माझा उपवास आहे, मावशी."

"फार कडक आहे बरं ती," बाबा म्हणाले. "माझ्याहून जास्त."

"आज कोणता उपवास आहे, भाऊजी?"

बाबा बोटांवर तिथी मोजू लागले. सारी गल्ली त्यांना फोन करून तिथी विचारते.

"नाही, सांगा ना," मावशी म्हणाली. "महालक्ष्म्या जेवतात आणि घरचं लेकरू उपाशी राहते, हे कोणत्या पोथीत आहे? तिचे मनगटं पाहिले का तुमी?"

बाबा पंगतीतून उठले आणि तिच्यासमोर बसले. "बेटा, कोणता उपवास आहे?"

"कोणताच नाही, बाबा," जुईली म्हणाली. "मले जेवाची भीती वाटते."

ताईंनी हातातलं पातेलं खाली ठेवलं. पंगतीला आलेल्या गोदाबाई म्हणाल्या, "आता देवाचं भेव नका घालू तिले, महाराज. दवाखान्यात न्या."

दवाखान्यात बाबांनी विचारलं, "रोज ताक देऊ का? पोटातले जंतू सुधारतात म्हणे."

"ताक द्या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण ताकानं भीती जात नाही. हा आजार आहे, हट्ट नाही. अन् एकदम खूप खाऊ घालू नका, तेही धोक्याचं असतं. हळूहळू वाढवू."

तेव्हापासून जुईली मन मोकळं करायला एका समुपदेशक बाईंकडे जाते. रक्त तपासलं जातं. जेवण ठरवून, थोडं थोडं वाढतं. काही दिवस बरे जातात, काही दिवस ताट तसंच परत जातं. माझे काही शेजारी परतले. काही कदाचित कधीच येणार नाहीत, आणि त्यांची जागा मला अजून रिकामी दिसते.

मित्रांनो, तुमच्या घरात, वर्गात कोणी ताट सरकवत असेल, तर त्याच्या शरीरावरून काही बोलू नका. न जेवण्याचं कौतुक करू नका, आणि रागावूही नका. मोठ्या माणसाला सांगा, डॉक्टरांकडे न्यायला लावा. आणि जेवताना शेजारी बसा.

आता प्रमोदिनीताई तशाच बसल्या आहेत. "खा" म्हणत नाहीत. स्वतःची भाकर मोडतात, जेवतात, रागिणीच्या गमती सांगतात. वर जुईलीनं एक तुकडा हातात घेतला आहे. खाली आम्ही सगळे वाट पाहत आहोत.