एक वाढवली

चार वाजून दहा मिनिटांनी थोरल्या बाईंनी स्वयंपाकघरातलं लोखंडी कपाट उघडलं.

कपाटात आठ खिळे होते, आणि प्रत्येक खिळ्यामागे पांढऱ्या रंगाने सुरीची आकृती काढलेली होती. सुरी टांगली की आकृती झाकली जाई. सुरी नसली की ती डोळे वटारून बघत राही. आज एक आकृती बघत होती.

"परत मोजा," थोरल्या बाई म्हणाल्या.

बायकांच्या त्या तुरुंगात त्या दिवसपाळीच्या प्रमुख होत्या. सुऱ्या धुऊन टांगल्या की रोज चारला दोघींनी मिळून मोजायच्या, हा नियम त्यांनीच घातलेला. आज मोजायला सोबत होती ती काटाबाई. कचेरीतून दोनच आठवड्यांपूर्वी पहाऱ्यावर बदलून आलेली, आकड्यात केसाएवढी चूक होऊ न देणारी. तराजूचा काटा म्हणून काटाबाई.

"तीनदा मोजल्या. सात आहेत," काटाबाई म्हणाली. "पण बाई, वहीप्रमाणे दोन कमी येतायत."

तिने वही पुढे केली. अक्षर मोत्यासारखं. 'सकाळी दिल्या: चार. साडेअकरा वाजता: एक वाढवली. एकूण बाहेर: पाच. परत आल्या: तीन.'

थोरल्या बाईंनी शिट्टी तोंडात धरली आणि जीव खाऊन फुंकली.

पुढचं सगळं ठरलेलं होतं. आवारातल्या बायका बराकीत गेल्या, कुलपं लागली. हत्यार हरवल्याची शिट्टी वाजली की प्रमुखाच्या हातात तीस मिनिटं. तेवढ्यात वस्तू सापडली तर ठीक. नाहीतर 'हत्यार हरवले' अशी नोंद होते आणि झडतीचं पथक काठ्या-ढाली घेऊन आत शिरतं. तिसऱ्या बराकीतल्या दोघी गेल्याच आठवड्यात एकमेकींच्या झिंज्या उपटून रक्तबंबाळ झाल्या होत्या, आणि त्यांतली एक स्वयंपाकघरात कामाला होती. तिच्या हाती सुरी असली तर? आणि नसली, तरी पथक आत गेल्यावर काय होईल ते सांगायला ज्योतिषी नको होता. बराकीतून आत्ताच ताटं बडवल्याचा आवाज यायला लागला होता.

स्वयंपाकघराची जबाबदारी मावशीची. वय एकोणसत्तर, आत येऊन अकरा वर्षं झालेली. तीनशे जणींचं अन्न तिच्या हाताखाली शिजे आणि तिच्या तोंडून कधी वाकडा शब्द निघत नसे. नुसता वाकडा नव्हे, अशुभसुद्धा. काम आटोपून बराकीकडे निघाली की रोज दारात म्हणायची, "येते हं." आणि पहारेकरणी रोज हसायच्या, "अगं मावशी, सुटशील त्या दिवशी तरी 'येते' म्हणू नकोस!"

तो दिवस तोंडावर आला होता. उद्या दहा वाजता सुटकेची समिती बसणार होती. लेकीने खोली रिकामी करून खिडकीशी खाट टाकून ठेवली होती; ते पत्र मावशीने सगळ्या बराकीला वाचून दाखवलं होतं. पण आज वहीत 'हत्यार हरवले' असं लिहिलं गेलं, की फाइल दोन वर्षं बंद.

मावशीला सुरक्षा अधिकाऱ्यांच्या खोलीत नेलं होतं. साहेबांचा आवाज वायरलेसवर खरखरला, "कबूल केलंय बाईनं. एक वाढवून घेतली म्हणते. दुसरीचा पत्ता देत नाही. पथक तयार ठेवतोय."

थोरल्या बाईंचा हात आपोआप कानाखालच्या वणाकडे गेला. दोन वर्षांपूर्वी अशाच एका गरीब गाईने 'ताई, तुमची शपथ' म्हणून डोळ्यांत पाणी आणलं होतं, आणि पुढच्या क्षणी पत्र्याची कड त्यांच्या मानेवरून फिरली होती. सात टाके पडले. तेव्हापासून त्यांनी मनाशी खूणगाठ बांधली होती, की इथे माया करायची ती डोळे उघडे ठेवून.

म्हणून त्यांनी मावशीचा विचार बाजूला ठेवला आणि कपाटाकडेच पाहत राहिल्या.

"काटाबाई, दोन सुऱ्या हरवल्या तर आकृत्या किती उघड्या दिसायला हव्यात?"

"दोन."

"मग एकच कशी?"

काटाबाईने बोट फिरवत आकृत्या पुन्हा मोजल्या.

"ती पाचवी सुरी कपाटातून काढून कोणी दिली? तुम्ही?"

"मी नाही. मला वाटलं तुम्ही दिलीत. दुसरी किल्ली तुमच्याकडे असते, आणि साडेअकराला तुमची फेरी होती. मी बाहेर भाजीच्या टोपल्या मोजून घेत होते. मावशी खिडकीतून ओरडली, ते मी लिहिलं."

"काय ओरडली? तिचाच शब्द सांगा, तुमचा नको."

काटाबाईने डोळे मिटले. "'बाई, एक वाढवली हो. लिहून घ्या.'"

"वाढवली? की वाढवून घेतली?"

"वाढवली. मी ऐकलं तेच लिहिते, बाई."

थोरल्या बाईंनी वहीतल्या त्या शब्दावर बोट ठेवलं. त्यांच्या वडिलांचं शिवणकामाचं दुकान होतं. रात्री शेवटचं गिऱ्हाईक गेलं की वडील म्हणायचे, "चला, दुकान वाढवा." पाच वर्षांची असताना ही पोर पहाटे उठून दुकान किती वाढलं ते बघायला धावली होती. ते होतं तेवढंच होतं, आणि रडून रडून तिने घर डोक्यावर घेतलं होतं. तेव्हा आईने जवळ घेऊन समजावलं होतं, की बंद करणं, विझणं, फुटणं असले शब्द घरात बोलू नयेत. दिवा वाढवायचा, काकण वाढवायचं, दुकान वाढवायचं.

"वही घ्या आणि चला," त्या म्हणाल्या. चार सव्वीस झाले होते.

साहेबांच्या खोलीत मावशी स्टुलावर आखडून बसली होती. पदराचं टोक मुठीत, ओठ कोरडे.

"साहेब, मला एकच विचारायचंय." आपला शब्द तिच्या तोंडी जाऊ नये म्हणून थोरल्या बाई जपून बोलल्या. "मावशी, सुरीचं काय झालं ते सांगा."

"अहो किती वेळा सांगू? भोपळ्याच्या देठात रुतली, मी जरा जोर केला, तर कट्‌दिशी वाढली."

"ऐका!" साहेबांनी टेबलावर हात आपटला. "परत तेच! अहो, सुरी काय पोर आहे वाढायला?"

"मग पुढे?" थोरल्या बाईंनी नजर हलवली नाही.

"पुढे काय? पातं आणि मूठ फडक्यात बांधली आणि लाल पेटीत टाकली. धारेचं काही वाढलं की पेटीत, हा तुमचाच नियम ना? आणि या बाईंना ओरडून सांगितलं, लिहून घ्या म्हणून."

काटाबाईने वही उघडून ती ओळ पुन्हा वाचली.

"मोडली!" साहेब म्हणाले. "मग 'मोडली' म्हणायला काय झालं होतं?"

मावशीने जीभ चावली. "भरल्या चुलीपुढे, साहेब? तीनशे जणींचं अन्न शिजत होतं."

साहेबांनी कपाळाला हात लावला, पण खुर्चीवरून उठले नाहीत. "आता सुचलेली गोष्ट असू शकते ही. पेटीची किल्ली लाखोट्यात मोहरबंद आहे. मोहर अधीक्षकांच्या हुकमाशिवाय फोडायची नाही, आणि ते बैठकीतून येणार पाचला. पथक चार चाळीसला आत जाणार. पाचला उघडू पेटी."

"पाचला उघडून काय करायचं? पथक शिरलं की नोंद झाली. आणि तिसऱ्या बराकीत ताटं बडवतायत, ऐकू येतंय ना? नसलेल्या सुरीपायी कुणाचं तरी डोकं फुटेल." थोरल्या बाईंनी हात पुढे केला. "लाखोटा द्या. मी फोडते, सही माझी."

"आणि पेटी रिकामी निघाली तर?"

"तर माझ्या नोकरीचं दुकान वाढवा."

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. मग तिजोरी उघडून त्यांनी लाखोटा टेबलावर ठेवला.

लाल पेटी स्वयंपाकघराच्या भिंतीला ठोकलेली होती. वर फट, पुढे कुलूप. पथकातले चौघे ढाली घेऊन दाराशी येऊन थांबले होते. मोहर फुटली. किल्ली कुलपात घालताना थोरल्या बाईंच्या कानाखालचा वण ठणकला. 'ताई, तुमची शपथ' हे त्यांना पुन्हा ऐकू आलं. मावशीने मात्र शपथ घेतली नव्हती, रडलीही नव्हती. दोघींतला हा फरक पुरेसा होता का? कुलूप गंजलं होतं. किल्ली अडकली. त्यांनी परत फिरवली.

कुलूप उघडलं. पेटीत वर दोन वाकलेल्या सुया आणि डब्याचं एक झाकण पडलं होतं. त्यांनी ते बाजूला सारलं. खाली काही दिसेना. त्यांनी हात कोपरापर्यंत आत घातला, कोपरा चाचपला, आणि बोटांना फडकं लागलं.

गाठ सोडली. पातं, मूठ. मुठीवर चारचा आकडा.

"चार नंबर," काटाबाई कपाटाकडे बघून पुटपुटली. चौथ्या खिळ्यामागचीच आकृती उघडी होती.

चार अडतीस. साहेबांनी हाताने खूण केली आणि पथकाने ढाली खाली घेतल्या.

नोंद काटाबाईने स्वतः लिहिली. 'वर "वाढवली" असे आहे ते "मोडली" असे वाचावे. तुकडे पेटीत पडताना मी हजर नव्हते. न पाहता लिहिले. चूक माझी.' खाली सही. थोरल्या बाई म्हणाल्या, "शेवटची ओळ नसती लिहिली तरी चाललं असतं." त्यावर ती म्हणाली, "बाई, बेरीज जुळत नाही तिच्याशिवाय." त्या ओळीपायी तिला लेखी समज मिळाली आणि महिनाभर फाटकावरची ड्यूटी लागली. मोहर फोडली म्हणून थोरल्या बाईंनाही अधीक्षकांपुढे उभं राहून ऐकून घ्यावं लागलं.

समितीने दुसऱ्या दिवशी मावशीचे कागद पाहिले. त्यांवर काही डाग नव्हता.

तीन आठवड्यांनी मावशी फाटकाशी आली, हातात एक पिशवी. रस्त्यापलीकडे लेक उभी होती, चपला काढून परत घालत होती, पुन्हा काढत होती. फाटकावरच्या वहीत काटाबाईने वेळ टाकली. मावशीने सही केली, उंबऱ्यात पाऊल ठेवलं, आणि सवयीने मागे वळली.

"ये..."

"मावशी!" थोरल्या बाई आणि काटाबाई एकदमच ओरडल्या.

मावशीने तोंडावर हात ठेवला. खांदे हलले, हसते की रडते ते कळेना. आयुष्यात कधी न उच्चारलेला शब्द तिने जिभेवर घोळवला आणि हळूच बाहेर टाकला.

"जाते."

काटाबाईची लेखणी वहीवर थांबली होती. "जाते म्हणजे जातेच ना, मावशी? लिहू?"

"जातेच गं बाई. लिही."