भाऊजींच्या खोलीची लाइन

शिवणबाईंच्या नाकावर माशी बसलेली कोणी पाहिली नाही. तीस वर्षं शाळेत शिवण शिकवलं, पोरींचा टाका वाकडा गेला की उसवायला लावलं, आणि निवृत्त झाल्यावर उसवायला काही उरलं नाही तेव्हा माणसं तोडली. आता तोडायलाही कोणी शिल्लक नव्हतं. मूलबाळ नाही. नवरा जाऊन सहा वर्षं झालेली, आणि पाठच्या भावाशी बोलणं बंद होऊनही सहाच. बाई दिवसभर भिंतींशी बोलतात, असं शेजारीण म्हणायची. खोटं कशाला बोला, बोलायच्याच. भिंत उलट उत्तर देत नाही, तेवढाच तिचा गुण.

भावाला घरात सगळे खटपट्या म्हणायचे. लहानपणी घड्याळं उघडायचा, मोठेपणी त्याने सोलरचा धंदा काढला आणि पहिलं काम केलं ते बहिणीच्या घरी. छपरावर आठ पॅनल, जिन्याखाली इन्व्हर्टर, बिल निम्म्यावर. बाईंनी महिनाभर आळीभर मिरवलं. पुढच्याच वर्षी नवऱ्याची छाती अधू झाली आणि खोलीत ऑक्सिजनचं मशीन आलं. आणि एका दुपारी, डोळे दिपावेत असं ऊन पडलेलं असताना वीज गेली. बाई निर्धास्त होत्या, छपरावर सोलर आहे ना! पण घर ढिम्म. मशीन बंद पडलं. सोबतीचा सिलिंडर आदल्या दिवशीच संपलेला. दवाखान्यात पोचेपर्यंत जे व्हायचं ते झालं.

माणसं जमली होती तेव्हाच बाईंनी भावाला दारात गाठलं. "तुझ्या हाताने गेले ते," त्या म्हणाल्या. "तुझ्या त्या अर्धवट जोडणीने गेले. पुन्हा तोंड दाखवू नकोस." खटपट्या मान खाली घालून उभा राहिला. एक अक्षर बोलला नाही. आळीने ऐकलं, आळीने गावभर केलं, आणि वर्षभरात त्याचा धंदा बसला. तो बायको घेऊन दुसऱ्या गावी गेला, कोणाच्या तरी दुकानात नोकरीला लागला. बाईंना वाईट वाटलं नाही. चुकला असल्याशिवाय माणूस गप्प बसतो का, असा त्यांचा साधा हिशोब होता.

या वर्षी मात्र वीज रोज जायला लागली. एकदा अंधारात बाई जिन्यावरून घसरल्या आणि अर्धा तास तशाच पडून होत्या. हाक मारायला तोंड उघडलं, पण कोणाच्या नावाने मारायची ते सुचेना. गुडघा धरून त्या स्वतःच उठल्या आणि दुसऱ्या दिवशी बॅटरी बसवणाऱ्याला फोन केला.

बॅटरीवाला सकाळी दहाला आला. चाळिशीचा, पोट सुटलेला, तोंडाची टकळी अखंड चालू. बाईंना तो आल्या आल्या आवडला, कारण घरात कोणीतरी बोलत होतं.

"जुनं काम आहे हो," बाईंनी आधीच सांगून टाकलं. "आणि बिघडलेलं. ज्याने केलं त्याला काही येत नव्हतं. नवी बॅटरी याला चालेल का, तेवढं बघा. नसेल चालत तर सगळं उपटून काढा."

बॅटरीवाल्याने इन्व्हर्टरचं झाकण उघडलं. मग बोर्ड उघडला. मग छपरावर जाऊन आला. एवढा वेळ तो गप्प राहिला म्हणून बाईंना धाकधूक वाटायला लागली.

"मावशी, या इन्व्हर्टरला बॅटरी जोडायची सोयच नाही. जुनं मॉडेल आहे. पण काळजी नको. बॅटरीला तिचा स्वतःचा इन्व्हर्टर असतो, तो आपण बोर्डाकडून जोडू. दोघं गुण्यागोविंदाने नांदतील. पण बिघडलंय काय म्हणता? काम कसलं सुरेख आहे! अशी वायर ओढणारा माणूस आता मिळत नाही."

"सुरेख? अहो, भर उन्हात वीज गेली आणि हे ढिम्म बंद पडलं!"

"पडणारच की."

"म्हणजे?"

"मावशी, लाइन गेली की असा इन्व्हर्टर आपणहून बंद होतो. सगळ्यांचाच. बाहेर खांबावर लाइनमन चढलेला असतो, तुमच्या छपरावरची वीज तारेत गेली तर तो जागच्या जागी मरेल. म्हणून तसा नियमच आहे. बॅटरी नसेल, तर ऊन कितीही पडो, घरात अंधारच." तो हसला. "लोकांना माहीतच नसतं. पूर्वी वीज जायची ती वादळात, संध्याकाळी. तेव्हा ऊन नाही म्हणून दिवे गेले असं वाटायचं."

बाई जिन्याच्या पायरीवर बसल्या. सहा वर्षं चोर सोडून संन्याशाला सुळी दिली की काय, एवढंच त्यांच्या डोक्यात घुमत होतं. चोर कोण, ते अजून त्यांना दिसलं नव्हतं.

"आणि हे बघा, माझं दोन दिवसांचं काम वाचलं," बॅटरीवाला बोर्डाशेजारची एक छोटी पेटी उघडत म्हणाला. बाईंनी ती पेटी कधी उघडली नव्हती. "हे काम करणाऱ्याने बॅटरीची वेगळी लाइन आधीच ओढून ठेवली आहे. टोकं नीट बंद करून, वर चिठ्ठी चिकटवून. वाचा."

अक्षर खटपट्याचं होतं. 'बॅटरी आली की इथे जोडणे. सगळ्यात आधी भाऊजींची खोली.' खाली तारीख. बाईंचा नवरा जायच्या पाच महिने आधीची.

बाईंना ते दोन दिवस आठवले. खटपट्या पोटमाळ्यावर घुसून काहीतरी ठोकत होता आणि त्या खालून ओरडत होत्या, आजारी माणसावर धूळ पडते म्हणून. उतरल्यावर तो म्हणाला होता, "ताई, आता तरी बॅटरी घे गं. सोलर असलं तरी लाइन गेली की..." पुढचं त्यांनी ऐकूनच घेतलं नव्हतं. "पुराण पुरे! घरात दुखणं आणि तुला खेळणी सुचतात. छपरावर एवढे आरसे लावलेस ते काय चाटायला? त्या भिंतीला माझं शिवणाचं कपाट येणार आहे, तिथे बॅटरीबिटी काही नको."

कपाट आलं होतं. आता तेच सरकवून बॅटरीवाल्याने त्या भिंतीवर बॅटरी टांगली. दुपारी तीनला म्हणाला, "चिठ्ठीतली लाइन आधी जोडली आहे. मेन पाडून बघतो हं." खटका खाली पडला. पंखा थांबला, फ्रिज गप्प झाला, सगळं घर मुकं झालं. फक्त नवऱ्याच्या रिकाम्या खोलीत, रिकाम्या पलंगाशेजारी दिवा लागलेला राहिला.

बाई त्या दिव्याकडे बघून हमसून हमसून रडल्या. बॅटरीवाल्याला काही कळेना. त्याने पाणी आणून दिलं, आणि भलत्या वेळी भलतं बोलायला नको म्हणून हत्यारं गोळा करून निघून गेला.

भावाचा नंबर बाईंना पाठ होता.

"हॅलो?" पलीकडे दुकानाचा गलका होता. मग तो एकदम म्हणाला, "ताई?"

"बॅटरी बसवली रे. चिठ्ठी सापडली तुझी." पुढचं बाईंच्या तोंडून किंचाळल्यासारखं बाहेर पडलं. "तू बोलला का नाहीस? मी चारचौघांत तुझी लक्तरं काढली, धंदा बुडवला तुझा. 'ताई, तूच नको म्हणालीस', एवढंच म्हणायचं होतंस! एवढंच!"

तो दुकानातून बाहेर आला असावा, कारण गलका थांबला.

"काय बोलणार होतो, ताई? मी जाऊ शकत होतो कुठेही. तुला त्याच घरात राहायचं होतं, हे मनात घेऊन. एकटीला."

बाई रिकाम्या पलंगाच्या कडेला बसल्या.

"कोणी सांगितलं तुला हे?" त्याने विचारलं. आवाजात राग होता, सांगणाऱ्यावरचा. "सांगायला नको होतं. रविवारी येतो मी. पहिल्या गाडीने येतो. पण तोवर एकटी राहू नकोस, ऐकतेस ना? रात्री कोणाकडे तरी झोपायला जा. आहे ना कोणी?"

"आहे की," शिवणबाई म्हणाल्या. "पुष्कळ आहेत."

फोन ठेवून त्यांनी खरंच एकेक घर आठवून बघितलं. शेजारीण, शाळेतली मैत्रीण, नणंद, मागच्या आळीतली जाऊ. प्रत्येक दारात त्या कधी ना कधी काही बोलून आल्या होत्या. सोमवार होता. रविवारला सहा दिवस होते.