मावशी झोपल्या होत्या, कारण

माफी मागणाऱ्या माणसांचा मला वीट आलाय. नऊ दिवसांत इतक्या जणांनी माझी माफी मागितली, की आता कुणी साधी "मावशी" म्हणून हाक मारली तरी वाटतं, ही पण मागतीय की काय. ज्यांना मी ओळखत नाही त्यांनी मागितली. ज्यांनी काही केलं नाही त्यांनीही मागितली. माझं काम मात्र एकानंही केलं नाही.

मी महादेवी. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका मुलींच्या होस्टेलची राखण सोळा वर्षं माझ्याकडे आहे. फाटकाच्या आत टेबल, टेबलावर वही आणि वहीपाशी मी. पोरी चौऱ्याऐंशी. बाहेर जाताना सही, आत येताना सही. त्याच वहीच्या मागच्या बाजूला चुकांची पानं. उशिरा आली, खोलीत शेगडी लावली, दुसरीची बादली फोडली, की मागचं पान उघडायचं आणि आपल्या हातानं लिहायचं. हा नियम माझा. वर तारीख आणि नाव, खाली काय झालं ते. 'सॉरी' लिहिलेलं मला चालत नाही. सॉरी तर पोरींच्या तोंडात कायम असतं. काय केलं आणि का केलं, एवढं लिहायचं, सही करायची आणि जेवायला जायचं.

शांभवीनं त्या पानांवर पाच-सहा वेळा तरी लिहिलं असेल. शांभवी म्हणजे ती टीव्हीवरची. बारा जणांना एका बंगल्यात कोंडतात, दिवसभर भांडायला लावतात आणि ते सगळ्यांना दाखवतात, त्या कार्यक्रमातली. चंदगडची पोरगी, वडिलांचा काजूचा धंदा. चार वर्षांपूर्वी आमच्याकडे बावीस नंबरच्या खोलीत होती. ती टीव्हीवर दिसली त्या दिवशी मी गल्लीभर सांगत सुटले, आमची पोरगी हाय म्हणून. मत कसं द्यायचं ते शबनमकडून शिकून घेतलं आणि रोज देत होते. शबनम हातकणंगल्याची, शेवटच्या वर्षाला आहे. फोनमधलं काही अडलं की मी तिलाच धरते.

तिसऱ्या आठवड्यात कुणीतरी शांभवीचं जुनं सगळं उकरून काढलं. कॉलेजात असताना ती काय काय टाकत होती, कुणाच्या रंगावर, कुणाच्या बोलीवर, कुणाच्या अंगकाठीवर. त्यात एक फोटो होता. एक बाई खुर्चीत मागं कलंडलेली, तोंड उघडं, पदर घसरलेला. वर लिहिलेलं, 'होस्टेलच्या राखणीला म्हैस बांधलीया. चोरांनी बिनघोर यावं.' खाली हसणारी तोंडं, मोजायची सोय नाही इतकी.

शबनमनं फोन माझ्यापुढं धरला तेव्हा मी विचारलं, "कोण गं ही?" खरंच ओळखलं नाही. झोपेतलं आपलं तोंड माणूस कधी बघतो? शबनमनं बोटांनी फोटो मोठा केला, तेव्हा साडीवरून ओळख पटली.

चार वर्षं तो फोटो तिथं पडून होता आणि मला त्याचा काही त्रास नव्हता. त्रास सुरू झाला तो लोकांना माझी दया आली तेव्हा. 'मावशींना न्याय द्या', आणि खाली फोटो. 'कष्टकरी बाईची थट्टा', आणि खाली फोटो. न्याय मागणाऱ्या प्रत्येकानं माझं उघडं तोंड तेवढं चिकटवलं. भाजीवाल्यानं जुडी देता देता निरखून बघितलं. कुरुंदवाडहून माझ्या आईचा फोन आला. तिला ऐंशीच्या पुढं वय, टीव्ही दिसत नाही धड. "महादेवी, तुझा फोटू सगळीकडं आलाय म्हणं? सत्कार हाय काय गं?" तिला व्हय म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

शांभवीला बंगल्यातून बाहेर काढलं. तिच्या जाहिराती गेल्या, कोल्हापुरातला तिचा सत्कार रद्द झाला. मग ती फोनसमोर बसून रडली. 'माझ्या शब्दांमुळं कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर मी मनापासून क्षमा मागते. मी तेव्हा लहान होते.' शबनमनं ते मला दोनदा दाखवलं. माझ्या भावनांचं राहू दे, माझी नोकरी जायची वेळ आली होती.

कारण पोरींच्या आईबापांनी तो फोटो बघितला आणि त्यांना त्यात अपमान दिसलाच नाही. त्यांना दिसली ती झोपलेली राखणदार. फाटक उघडं आणि बाई झोपलेली! सेक्रेटरी सयाजीराव साहेबांना फोनवर फोन आले. तिसऱ्या दिवशी माझ्या हातात नोटीस पडली. कर्तव्यावर असताना झोपल्याबद्दल खुलासा करावा, शनिवारी चार वाजता, पुराव्यासह.

पुरावा कुठनं आणू? झोपले होते हे खरं आहे. पण का झोपले होते, ते डोळ्यांनी बघितलेली जगात दोनच माणसं आहेत. एक मी आणि दुसरी शांभवी.

त्या वर्षी पंचगंगेला पूर होता. होस्टेल रिकामं झालं होतं, शांभवी तेवढी मागं राहिली, कारण तिला डेंग्यू झाला होता आणि चंदगडकडचे रस्ते बंद होते. वडील फोनवर रडत होते. डॉक्टर म्हणाले, दर दोन तासांनी ताप बघा, पाणी पाजत राहा, उलटी झाली तर लगेच आणा. तीन रात्री मी तिच्या पलंगाशी बसले. कपाळावर पट्ट्या, चमच्यानं पाणी. घामानं भिजलेले तिचे गाऊन मीच धुतले. चौथ्या दिवशी दुपारी तिचा ताप उतरला. ती स्वतः उठून खाली आली, मी तिला मऊ भात दिला आणि फाटकापाशी खुर्चीत टेकले. तेव्हा डोळा लागला. ती दुपार त्या फोटोत आहे. माझ्या हातचा भात खाऊन तिनं फोटो काढला.

त्या वर्षीच्या वह्या रद्दीत गेल्या. तेव्हाच्या रेक्टर मॅडम कधीच्या वारल्या. मी शांभवीला सहा वेळा फोन केला. सातव्यांदा कुणी मॅडम बोलल्या, "शांभवी सध्या कुणाशी बोलत नाहीये, पण तिला तुम्हाला भेटायचंय. आम्ही शनिवारी येतो." मला इतकं हायसं वाटलं, की त्या रात्री मी पोटभर जेवले.

शनिवारी दुपारी दीड वाजता मोठी गाडी आली. शांभवी वाळली होती. पाठोपाठ फोनवर बोललेल्या त्या चॅनेलच्या मॅडम आणि तिपाई घेतलेला कॅमेरावाला. मी उठेपर्यंत पोरगी पायाशी वाकली आणि कॅमेरा सुरू झाला.

"मावशी, मला माफ करा."

"ऊठ आधी."

"तुम्ही माफ केलं म्हणा ना मावशी."

"म्हणते. तू एवढं सांग सगळ्यांना, मी त्या दिवशी का झोपलते."

तिनं मॅडमकडे बघितलं. मॅडम हसून म्हणाल्या, "मावशी, खोलात नको जाऊया. लोकांना एक मिठी दिसली की पुरे. तुम्ही फक्त 'जाऊ दे पोरी' एवढंच म्हणा. फार गोड वाटेल."

गोड! माझं टाळकंच सरकलं. "बाई, मला चार वाजता नोकरीवरनं काढणार हाईत. हिच्या मिठीचं काय करू मी? तो कॅमेरा बंद करा. बंद करा म्हणते न्हवं!"

माझा आवाज फाटकाबाहेर गेला असणार, कारण रस्त्यावरची दोन माणसं थांबली. कॅमेरावाल्यानं कॅमेरा खाली घेतला. मग मी शांभवीला विचारलं, "तुला आठवतंय का न्हाय? खरं बोल."

ती म्हणाली, "आठवतंय मावशी. तुम्ही रात्रभर बसत होता. दर वेळी उठवून पाणी पाजत होता, मी शिव्या द्यायचे तुम्हाला." तिच्या डोळ्यांत आता खरं पाणी आलं. टीव्हीवरच्या रडण्यात नाक लाल होत नाही, आता तिचं लाल झालं होतं. "मावशी, मी घाण वागले."

मला भरून आलं. नऊ दिवसांचा राग एकदम उतरल्यासारखा वाटला. मी वही ओढली, मागचं पान उघडलं आणि पेन तिच्या हातात दिलं. "लिव मग. नियम म्हाईत हाय तुला."

ती टेबलापाशी त्याच स्टुलावर बसली. आधी वर तारीख घातली, मग पूर्ण नाव, न विचारता. सवय मोडत नाही. मग लिहायला लागली. अक्षर अजून तसंच होतं, उजवीकडे कलणारं.

तेवढ्यात मॅडमचा फोन वाजला. त्या बाजूला जाऊन बोलल्या आणि परत आल्या तेव्हा चेहरा फुलला होता. "शांभवी, चल! बंगल्यातल्या दुसऱ्या एका मुलाचं तुझ्याहून भयंकर काहीतरी बाहेर आलंय. सगळे त्याच्या मागं लागलेत, तुझं कुणी बोलतच नाहीये. तुला परत आत घेतायत. रात्री मुंबईत एंट्री शूट आहे, आत्ता निघायला हवं." मग त्यांचं लक्ष वहीकडे गेलं. "हे काय लिहितेयस? लेखी काही द्यायचं नाही, वकिलांनी सांगितलंय ना?"

पेन कागदावर टेकलेलं तसंच राहिलं.

"एकच ओळ राहिलीया," मी म्हणाले. "पोरी, एकच ओळ. मग जा मुंबईला."

शांभवीनं माझ्याकडे बघितलं. तिला सगळं कळत होतं, ते मला दिसत होतं, म्हणून जास्त लागलं. तिनं पेनाला टोपण लावलं. "मावशी, मी नंतर व्हॉट्सॲपवर पाठवते की. नक्की." आणि वाकून परत पाया पडली. गाडी गेली तेव्हा मी अजून टेबल धरून उभी होते.

वहीत लिहिलेलं होतं, 'मावशी त्या दिवशी झोपल्या होत्या, कारण'. बास. त्यापुढं काही नाही.

मी पावणेचारपर्यंत व्हॉट्सॲप बघत बसले. मग पेन घेतलं आणि त्याच ओळीला जोडून पुढचं मी लिहिलं. पूर, डेंग्यू, तीन रात्री, पट्ट्या, गाऊन, मऊ भात. अर्धं पान भरलं. खाली माझं नाव घालून सही केली.

सयाजीराव साहेबांनी चष्मा लावून वाचलं. माणूस वाईट नाही, पण फोनला भ्यालेला. "महादेवीबाई, ही पहिली ओळ तिची. यात तुम्ही झोपला होता, हे तिनंही लिहून दिलंय."

"पुढं वाचा की साहेब."

"पुढचं अक्षर तुमचं आहे."

"माझंच हाय. तिचं कारण तिनं लिवलं न्हाय, म्हणून मी लिवलं."

"मग त्याला काय अर्थ?" त्यांनी वही मिटली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "माझा तुमच्यावर विश्वास आहे हो. पण फोटो सगळ्यांनी बघितलाय. हे कोण बघणार? महिनाअखेरपर्यंत काम करा."

म्हणजे विश्वास आहे आणि नोकरी नाही! मी वही उचलली आणि काही न बोलता खाली आले. बोलले असते तर महिनाअखेरही राहिली नसती.

रविवारी सकाळी मी वही टेबलावर उलटी ठेवली, ते पान उघडून. पहिली पोरगी सहीला आली तेव्हा तिनं पानं उलटायला हात घातला. मी हात धरला.

"आधी वाच. वाचल्याशिवाय सही न्हाय."

"मावशी, बस चुकंल माझी!"

"चुकू दे."

तिनं वाचलं. तिच्यामागची वाचायला लागली. फाटकापाशी रांग लागली, कुरकुर सुरू झाली, मग हळूहळू कुरकुर थांबली. एकजण वाचून झाल्यावर परत पहिल्यापासून वाचायला लागली. मी कुणाच्या तोंडाकडे बघत नव्हते. चौऱ्याऐंशी जणी वाचणार, मग मी जाणार, एवढंच मनात होतं.

शबनम सगळ्यात शेवटी आली. वाचून झालं तरी सही करेना. मग तिनं खिशातून फोन काढला आणि तसाच हातात धरून राहिली. नऊ दिवसांत फोन दिसला की मी पोरींच्या अंगावर धावून जात होते, हे तिला माहीत होतं.

"मावशी, काढू काय फोटो? ह्या पानाचा?"

मी पदर खोचला, टेबलावरची बाटली बाजूला केली आणि पान दोन्ही हातांनी सपाट धरलं.

"काढ," मी म्हणाले. "पण सगळं पान येऊ दे. अर्धं न्हाय."