गेल्या आठवड्याचे डोळे

दवाखान्याच्या बाकावर बसल्या बसल्याच ताईचं डोकं फिरायला लागलं होतं. समोर नर्सबाई कागदावरचे प्रश्न वाचत होत्या आणि धाकटी बहीण शहाण्या बाळासारखी उत्तरं देत होती.

"गेल्या आठवड्यात वाचताना डोळ्यांना त्रास झाला?"

"वाचलंच नाही."

"मग 'लागू नाही'. टीव्ही बघताना?"

"बघितला नाही."

"वाऱ्यात गेल्यावर?"

"बाहेरच पडले नाही."

"वाळू गेल्यासारखं टोचलं?"

"नाही. आता बरं आहे."

बरं आहे म्हणे. बरं असणारच की! आठवडाभर रजा टाकायला लावून, पडदे ओढून ताईने तिला निजवून ठेवलं होतं. फोन काढून घेतला, घरातल्या एका कामाला हात लावू दिला नाही, आठवणीने थेंब घातले.

धाकटी कापडाच्या कारखान्यात तपासणीला होती. खालून दिवा लावलेल्या टेबलावरून कापड सरकत जायचं आणि ही बया पापणी न मिटता त्यातले दोष हुडकत बसायची. वर एसीचं तोंड थेट चेहऱ्यावर. संध्याकाळी घरी यायची ती लालबुंद डोळे घेऊन. तिला तिथून उठवून पॅकिंगला बसवा, एवढंच मागणं होतं. पण कारखाना डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ऐकेना आणि चिठ्ठी मिळायची ती या कागदावरच्या मार्कांवर. त्रास जास्त तर मार्क जास्त.

डॉक्टर कागद पाहून खूश झाले. "मार्क अगदी कमी आलेत. छान सुधारणा आहे. उद्यापासून कामावर जा."

"पॅकिंगला ना?" ताईने विचारलं.

"नाही, आहे त्याच कामावर. बदली द्यावी असं यात काहीच नाही."

"अहो डॉक्टर, ती आठवडाभर डोळे मिटून पडली होती. प्लास्टरमध्ये पाय असलेल्या माणसाला विचारा, धावताना दुखतं का. तोही नाहीच म्हणेल."

"कळतंय मला," डॉक्टर शांतपणे म्हणाले. त्या शांतपणाने ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "पण प्रश्न गेल्या आठवड्याचेच असतात, सगळ्यांना तेच. पुढच्या आठवड्यात या, परत भरून घेऊ."

बाहेर व्हरांड्यात आल्यावर ताईने धाकटीला धारेवर धरलं. "तुझ्या तोंडाला काय कुलूप लागलं होतं? कारखान्यात काय होतं ते सांगायचं नाही?"

"त्यांनी कारखान्याचं विचारलंच नाही. विचारलं तेवढं खरं सांगितलं." धाकटीने तिचा हात धरला. "आणि खरंच बरं वाटलं गं, ताई. तू एवढं केलंस म्हणून."

ताईने हात सोडवून घेतला. डॉक्टरवरचा, नर्सबाईंवरचा, कारखान्यावरचा सगळा राग फिरून तिच्याच अंगावर आला. आपण एवढं निगुतीने केलं आणि त्यानेच पोरीचा घात केला. रडू यायला हवं होतं, पण आला तो संतापच.

"उद्या कामावर जा," ती म्हणाली. "थेंब नेऊ नकोस. एसीखालून हलू नकोस, आणि मध्ये डोळे मिटून बसायचं नाही."

"आणि दुखायला लागले तर?"

"दुखू देत," ताई म्हणाली. "दुखले नाहीत तर पुढच्या आठवड्यात सांगणार काय?"