शालूबाईसाठी बांधलेलं चाक

बेडशाचा डोंगर मागे पडला आणि मागचं चाक पुन्हा घासायला लागलं. दर फेऱ्याला टायर डावीकडच्या दांडीला टेकायचं आणि ओल्या लाकडावर करवत ओढावी तसा आवाज यायचा. चढावर हौशीराम पायडलवर उभा राहिला की तो आवाज वाढे. मागे कॅरियरवर त्याची बायको शालूबाई दोन्ही पाय एका बाजूला सोडून, मांडीवर कातडी बॅग धरून बसली होती. तिकोणा पेठेत बायडाबाई पहाटेपासून अडली होती, आणि कामशेतच्या सरकारी दवाखान्यात सुईण म्हणून शालूबाई एकटीच होती.

तिनं विचारलं, उतरू का. तो म्हणाला, बस, पवनेपत्तुर जाईल चाक.

गेलं नाही. नदीकडच्या उतारावर एका दगडाला लागून चाक आडवं लवलं आणि जागच्या जागी वाकून त्याचा इंग्रजी आठ झाला. दोघंही धुळीत पडली. शालूबाई उठली, बॅग उचलली, लुगड्याचा ओचा खोचला आणि नदीच्या पाण्यात उतरून भराभर चालू लागली. हौशीराम सायकल खांद्यावर घेऊन मागनं निघाला.

ती पोचली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. बायडाबाई वाचली. बाळ गेलं.

परतीच्या वाटेवर दोघं चालतच होती. हौशीराम म्हणाला की आपण त्या चाकावर भरवसा ठेवायला नको होता. नदी ओलांडल्यावर शालूबाई ओली पावलं झाडत म्हणाली, "पोर आदी गेलं का आपल्याला उशीर झाला म्हून, ते मला बी न्हाई सांगता यायचं. तुमी चाकाचं बघा. पुढल्या खेपेला मोडाय नगं."

हौशीराम आंबीच्या शेतकरी घरातला. लोणावळ्याच्या बाजारात बंगलेवाल्यांच्या सायकली दुरुस्त करता करता तो हे काम शिकला आणि पुढं कामशेत स्टेशनाजवळ त्यानं स्वतःचं दुकान टाकलं. बायकोला सायकलवर मागे बसवून गावोगाव हिंडतो म्हणून आंबीत त्याची टिंगल होई. वडील दत्तोबा तर एक सबंध सुगी त्याच्याशी बोलले नव्हते. हौशीरामाचं म्हणणं एवढंच असे, की बैल जुंपून गाडी निघेस्तोवर पोर जन्माला येतं.

त्या दिवसानंतर त्यानं चाक नव्यानं बांधलं. चाकाच्या सगळ्या तारा जाड घेतल्या, वीणेसारख्या वाजतील इतक्या आवळल्या. जिथं दोन तारा एकमेकींवरून जातात तिथं त्या तांब्याच्या बारीक तारेनं बांधून वर कथलाचा डाख दिला. आता चाक हातानं दाबलं तरी बाजूला हलत नव्हतं. तो खूश झाला. पण वाटेवरचा एकूण एक खडा शालूबाईच्या कमरेत बसायला लागला, आणि खराब रस्त्यावर तारांची डोकी तटातट तुटू लागली. ती म्हणाली, ह्या चाकापरीस बैलगाडीच्या आसावर बसलेलं बरं.

"जरा लवू द्या की त्याला," ती म्हणाली. "मोडू नगं म्हनलं हुतं, हलू नगं असं कुटं म्हनलं?"

मग कितीतरी दुपारी त्या दुकानात एकच खेळ चालला. हौशीराम सायकल उभी करून घट्ट धरून ठेवायला शेजारच्या नथू शिंप्याला बोलवी, शालूबाईला कॅरियरवर बसवी आणि स्वतः जमिनीवर पालथा पडून चाक कुठं आणि किती लवतं ते बघत राही. आता पुढं सरक, आता मागं, असं सांगत राही. ती शेंगा सोलत बसे. मध्येच सोललेले दाणे खाली हात करून त्याला देई. बाजाराला आलेली माणसं थांबून हसत, आणि खरं तर त्या दोघांनाही हसू येई.

शेवटी त्याला जमलं. चेनच्या बाजूला जाड तारा, दुसऱ्या बाजूला बारीक, मधले बांध सगळे काढून टाकलेले. दगडावर चाक किंचित लवे आणि पुन्हा सरळ होई. त्या चाकानं घोरावाडीपासून पवनेच्या खोऱ्यापर्यंत सगळं मावळ पाहिलं. भाताची खाचरं, कारवीचे उतार, उन्हाळ्यातली करवंदं. घंटी ऐकली की वस्तीवरच्या बायका म्हणत, मावशी आली. दुसऱ्या मोठ्या लढाईच्या दिवसांत नव्या विलायती तारा मिळेनात, तेव्हा भंगारातल्या सायकलींच्या तारा काढून त्यानं चाक चालू ठेवलं. पुढं म्हातारपणी तो सांगे, की आपल्या आयुष्यातली बरी वर्षं तीच होती.

लढाई संपता संपता शालूबाईच्या पोटात गाठ धरली. तिनं ती स्वतःच्या बोटांनी ओळखली आणि बरेच दिवस कुणाला सांगितलं नाही. डॉक्टरांनी पुण्याला न्यायला सांगितलं तेव्हा ती निम्मी झाली होती. स्टेशनापर्यंत गाडी सांगतो, असं हौशीराम म्हणाला. तिला गाडी नको होती; ती सायकलच्या कॅरियरवर जाऊन बसली.

सवयीनं त्यानं निघताना मागं वाकून पाहिलं. शालूबाई बसली होती आणि तिच्या वजनानं चाक केसभरही लवलं नव्हतं. त्यानं पायडलवर ठेवलेला पाय खाली घेतला.

"का उतरलात?" तिनं विचारलं.

"बाजार हाय. गर्दी हाय," तो म्हणाला आणि हँडल धरून चालू लागला.

बाजार खरंच होता. खोऱ्यातल्या बायका टोपल्या घेऊन येत होत्या. त्यातल्या कितीजणींची बाळंतपणं शालूबाईनं केली होती. एकीनं ओळखलं, मग दुसरीनं. एक तिच्या पाठीशी हात लावून चालू लागली, एकीनं मांडीवरचं गाठोडं घेतलं. मागे मागे बऱ्याच जणी आल्या.

स्टेशनाच्या दाराशी शालूबाई स्वतःची स्वतः उतरली. पदर नीट केला. गर्दीत मागे उभ्या एका तरण्या बाईकडे तिची नजर गेली. त्या पोरीचे दिवस भरत आले होते आणि डोक्यावर भाजीची जड टोपली होती.

"ती टोपली खाली ठेव आदी," शालूबाई म्हणाली. "ह्या दिसांत डोईवर वझं न्हाई घ्यायचं."

पोरीनं टोपली खाली ठेवली. शेजारच्या बाईनं ती उचलून आपल्या डोक्यावर घेतली. ते बघून झाल्यावर शालूबाई फलाटाकडे वळली.