श्वेदांच्या घरातला जावई

आमच्या ह्यांना, म्हणजे इग्नात्सी श्वेदांना, आडनावाचा भारी तोरा. आमच्या भाषेत श्वेद म्हणजे स्वीडनचा माणूस. तीनशे वर्षांपूर्वी स्वारीवर आलेला एक स्वीडिश सरदार इथल्या पोरीवर भाळून मागे राहिला आणि आपण त्याचंच रक्त, ही कहाणी मी लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकतेय. आरशात स्वतःचे निळे डोळे बघून हे खूश व्हायचे. तसले डोळे अर्ध्या गावाला आहेत, हे सांगून उपयोग नव्हता.

पण आम्हाला मुलगा नाही. एकुलती एक ओतिलिया, आणि तिचं झेनोन पितेलशी ठरलं. पोरगा गुणी, गाईगुरांत रमणारा, घरजावई व्हायलाही तयार. ह्यांनी अट घातली, त्यानं श्वेद नाव लावायचं, नाहीतर लग्नाच्या सकाळी मी आशीर्वाद देणार नाही. आईबापांच्या आशीर्वादाशिवाय आमच्याकडे कुणी लग्नाला चर्चला निघत नाही. झेनोन म्हणाला, माझे वडील खाणीत गाडले गेले, त्यांचं नाव मी टाकणार नाही. पोरगी रडून रडून अर्धी झाली.

मला मात्र एक प्रश्न छळू लागला. एवढ्या जुन्या घराण्यात भाऊबंद कसे नाहीत? बाकीचे श्वेद गेले कुठे? ह्यांना विचारलं तर उखडले. हिवाळ्यात बायका उशांसाठी हंसांची पिसं काडीपासून सोलायला जमल्या, तेव्हा मी ह्यांच्या रोझालिया आत्याला गाठलं. वय नव्वदीपार, पण जीभ अजून तिखट.

"कसला सरदार," ती पिसं सोलतच म्हणाली. "माझा बाप, म्हणजे तुझ्या नवऱ्याचा आजोबा, नदीपलीकडचा, बुगाय आडनावाचा. श्वेदांची पोरगी केली आणि इथेच राहिला. तेव्हा ज्या घरात राहाल त्या घराचं नाव लागायचं, मग कागदावरही तेच. माझ्या आईचा बापही असाच बाहेरून आलेला. अगं, श्वेद हे घराचं नाव आहे, रक्ताचं नाही."

"मग ह्यांना कुणी सांगितलं कसं नाही?"

"त्यानं कधी विचारलं? सारखा सांगतच तर असतो."

घरी येऊन मी सगळं बोलून टाकलं. पोटात ठेवणं मला जमत नाही. ह्यांनी आरशात बघणंच सोडलं. एरवी मी हसले असते, पण वाईट वाटलं. माणसाची जन्मभराची हौस मी हिरावून घेतली होती.

लग्नाच्या सकाळी दोघं आमच्यासमोर गुडघे टेकून बसली. माझा जीव टांगणीला. ह्यांनी पवित्र पाणी शिंपडलं, दोघांच्या कपाळावर क्रूस काढला आणि झेनोनला म्हणाले, "तू पितेलच राहा. गाव तुला श्वेदच म्हणणार, तुला आवडो न आवडो. माझ्या आजोबांना तरी कुणी विचारलं होतं?"

ओतिलिया हुंदके देऊ लागली. झेनोन उठणार, तेवढ्यात ह्यांनी त्याचा खांदा दाबला.

"एक कर. मला एकदा बुगाय म्हणून हाक मार. कशी वाटते, ऐकू दे."

झेनोननं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली.

"चला, बुगायबाबा," तो म्हणाला.

ह्यांना ओ द्यायला जरा वेळ लागला, पण दिली.